नाथांच्या घरची पंगत : संत एकनाथ महाराजांचे चरित्र

विद्यार्थी मित्रांनो, संत एकनाथ महाराजांचं नाव घेतलं की तुम्हाला पहिली कोणती गोष्ट आठवते? कुणाला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं लहान मूल आठवेल, कुणाला तहानेने तडफडणारं गाढव, तर कुणाला भारूड. परीक्षेत नाथांवर निबंध आला की आपण जन्म, गुरू, ग्रंथ, समाधी असे मुद्दे लिहितो आणि पान उलटतो. ते मुद्दे हवेतच. पण आज आपण हे चरित्र जरा वेगळ्या दारातून बघू या. हे दार आहे पैठणच्या नाथवाड्यातल्या स्वयंपाकघराचं.

नाथांच्या गोष्टी नीट ऐका. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुणीतरी भुकेलेलं असतं, कुणीतरी तहानलेलं असतं किंवा कुणीतरी पानावर बसलेलं असतं. हे उगाच नाही. त्या काळी माणसाची जात, मान आणि समाजातली जागा ठरायची ती तो कुणाच्या हातचं खातो आणि कुणाच्या पंक्तीला बसतो यावरून. म्हणून नाथांनी समाजाला जे सांगितलं, त्यातलं पुष्कळसं त्यांनी ताटावरच करून दाखवलं.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा

नाथांच्या जन्माचं साल साधारण 1533 मानलं जातं आणि त्यांनी देह ठेवला 1599 मध्ये. त्यांच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्यांतल्या अनेक घराघरांत पोचल्या त्या ताहराबादच्या महिपतींमुळे. महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 मधला आणि ‘भक्तलीलामृत’ 1774 मधलं. म्हणजे नाथांनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. मधल्या काळात या गोष्टी कीर्तनातून, ओव्यांतून, आजीच्या तोंडून फिरत राहिल्या. त्यामुळे त्यांत चमत्कार मिसळले आहेत आणि एकच गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी सांगितली जाते. आपण वाचताना गोष्टीला गोष्ट म्हणायचं, आणि चमत्कार बाजूला ठेवला तर मागे काय उरतं ते बघायचं.

बालपण आणि गुरुगृह

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. गोदावरीच्या काठावरचं, शास्त्री-पंडितांचं गाव. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणणारे म्हणून ज्यांची कीर्ती आहे, ते संत भानुदास हे नाथांचे पणजोबा. वडिलांचं नाव सूर्यनारायण, आईचं रुक्मिणी. नाथ अगदी तान्हे असतानाच आईवडील गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला वाढवलं.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी होते आणि मोठे भक्तही. तिथे नाथांनी अभ्यास केला, गुरूंची सेवा केली आणि हिशेबही लिहिले. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसलेले नाथ तुम्हाला माहीत आहेतच. हा काटेकोरपणा पुढेही त्यांच्या कामी आला. तो कसा, ते पुढे बघू.

गुरूंनी त्यांना संन्यास घ्यायला सांगितलं नाही. पैठणला जाऊन संसार करायला सांगितलं. ही आज्ञा फार महत्त्वाची. नाथ डोंगरात गेले असते तर आज आपल्याला ग्रंथ मिळाले असते, पण नाथांची पंगत मिळाली नसती. पंगतीला घर लागतं, चूल लागते आणि ती पेटती ठेवणारं माणूस लागतं.

गिरिजाबाई

ते माणूस म्हणजे नाथांच्या पत्नी गिरिजाबाई. नाथांवरच्या निबंधात बहुधा त्यांना एक ओळ मिळते. पण जरा विचार करा. रोज कीर्तन, रोज पुराण, रोज येणारेजाणारे. वाटसरू, यात्रेकरू, शिष्य, घरी राहणारा उद्धव, तीन मुलं. हे सगळं जेवणार कुठे? नाथवाड्यात. आणि रांधणार कोण? गिरिजाबाई.

तेव्हाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. पाणी नदीवरून, पीठ जात्यावर, वाटण पाट्यावर, जाळ लाकडाचा. आपल्या भाजीतला बटाटा नाही, टोमॅटो नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर नुकती येऊ लागली होती, तिखटपणासाठी हाताशी होती ती मिरीच. दहा माणसं जेवणार असतील तर पहाटेपासून घरघर सुरू. अशा घरात ‘अजून चार पानं वाढा’ असं म्हणणं सोपं असतं, करणं सोपं नसतं. नाथांच्या दयेच्या गोष्टी वाचताना प्रत्येक वेळी हा हिशेब मनाशी करत जा.

पावसाळ्यातल्या एका रात्रीची कथा सांगतात. मुसळधार पाऊस, अपरात्री पाहुणे दारात, घरातलं सरपण भिजलेलं. चूल पेटणार कशी? नाथांनी घरातला पलंग मोडला आणि त्याचं लाकूड चुलीत घातलं. पाहुणे गरम जेवले आणि चुलीपाशी सुकलेही. अशीच दुसरी कथा चोरांची. रात्री घरात शिरलेले चोर सापडले, तर नाथांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. दोन्ही कथांत पलंग मोडणारे आणि चोरांना बसवणारे नाथ आपल्याला दिसतात. त्या वेळी झोपेतून उठून पीठ मळणाऱ्या गिरिजाबाई मात्र आपल्यालाच बघाव्या लागतात.

एक गोष्ट तर खास त्यांचीच आहे. पैठणातल्या काही टवाळांनी पैशांची गरज असलेल्या एका ब्राह्मणाला सांगितलं, की नाथांना राग आणून दाखव, आम्ही पैसे देतो. तो आला. काय केलं तर चिडतील, याचे नाना प्रयोग झाले, पण नाथ शांत. शेवटी तो जेवायला बसला. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तसा तो टुणकन त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी पत्नीला एवढंच सुचवलं, की पाहुणा पडणार नाही याची काळजी घे. गिरिजाबाई हसून उत्तरल्या, की मुलाला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे, याला कशी पडू देईन! तो माणूस ओशाळला आणि पाया पडला. कथेचं नाव नाथांची शांती असं असलं, तरी सांगा बरं, त्या दिवशी परीक्षा कुणाची होती?

पुरणपोळीवाला गावबा

आता एक गोड गोष्ट. गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला पुरणपोळी इतकी आवडायची, की रोज तीच हवी. आई गरीब. रोज पुरण कुठून घालणार? पुरणपोळी म्हणजे सणाचं अन्न. हरभऱ्याची डाळ शिजवायची, गूळ घालून आटवायची, पाट्यावर मऊ वाटायची, मग कणकेत भरून हलक्या हाताने लाटायची. अर्धा दिवस जातो. कंटाळून ती माउली मुलाला घेऊन नाथांकडे आली. नाथांनी त्याला ठेवून घेतलं आणि गिरिजाबाईंनी त्याला पुरणपोळी करून घालायला सुरुवात केली. लोक त्याला थट्टेने पुरणपोळ्या म्हणू लागले.

लोकांच्या दृष्टीने हा मुलगा मंद होता. सांगितलेला मंत्रही त्याला म्हणता येईना, त्याच्या तोंडी फक्त एकनाथ हे नाव बसलं. नाथांनी त्यालाच मंत्र मानू दिलं. तो घरात राहिला, जेवला, कामं केली, कीर्तनं ऐकत मोठा झाला.

पुढे काय झालं ते ऐका. नाथांचा शेवटचा मोठा ग्रंथ ‘भावार्थ रामायण’. युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत लिहून झाल्यावर नाथांनी देह ठेवला. ग्रंथ अपुरा राहिला. तो पुरा कुणी केला? याच गावबाने. ज्याला कुणी हुशार म्हटलं नव्हतं, त्याने गुरूचा ग्रंथ शेवटास नेला, असं परंपरा सांगते.

शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. मुलाला शिकवायचं असेल तर आधी त्याला आपलं म्हणावं लागतं. आणि आपलं म्हणण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याच्या आवडीचं त्याच्या पानात वाढणं.

श्राद्धाचा स्वयंपाक

आता आपण नाथांच्या चरित्रातल्या सर्वांत कठीण दिवसाकडे येतो. घरी पितरांचं श्राद्ध होतं. गावातल्या ब्राह्मणांना आमंत्रण गेलेलं. सोवळ्यात स्वयंपाक तयार झाला. खीर, वडे, भाज्या, साजूक तूप. वास वाड्याबाहेर रस्त्यापर्यंत गेला. त्या वेळी रस्त्यावरून तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या समाजातलं एक कुटुंब चाललं होतं. वासाने लेकरं थबकली. असलं अन्न आपल्या नशिबी कुठलं, अशा अर्थाचं काहीतरी ती माणसं आपसात बोलली आणि नाथांच्या कानावर ते पडलं.

नाथांनी त्यांना आत बोलावलं आणि श्राद्धासाठी केलेलं सगळं अन्न त्यांना वाढलं. काही जण सांगतात, की सगळ्यांनाच बोलावून पोटभर घालू या, हे गिरिजाबाईंनीच सुचवलं. मग घर सारवलं, भांडी घासली, पाणी आणलं आणि गिरिजाबाईंनी ब्राह्मणांसाठी सगळा स्वयंपाक पुन्हा पहिल्यापासून केला. एका दिवसात दोनदा.

तरीही ब्राह्मण आले नाहीत. पितरांसाठी रांधलेलं अन्न आधी अस्पृश्यांना दिलं, हे घर बाटलं, असं त्यांचं म्हणणं. मित्रांनो, आज आपल्याला हे रुसणं-फुगणं वाटेल. पण त्या काळी वाळीत पडणं म्हणजे काय होतं ते समजून घ्या. घरच्या कार्याला कुणी येणार नाही, मुलामुलींच्या सोयरिकी जुळणार नाहीत, मेल्यावर खांदा द्यायलाही माणूस मिळणार नाही. ज्यांना घरात तीन मुलं आहेत, अशा आईवडिलांनी हे ओढवून घेतलं होतं. आणि श्राद्ध अर्धवट राहणं म्हणजे पितर उपाशी राहणं, अशी नाथांचीही श्रद्धा होती. म्हणजे एकीकडे आपले स्वतःचे पितर आणि दुसरीकडे रस्त्यावरची भुकेली लेकरं. निवड साधी नव्हती.

कथा पुढे सांगते, की नाथांनी पानं मांडली आणि प्रत्यक्ष पितर येऊन जेवून गेले. हा झाला चमत्कार. तो तुम्ही माना किंवा मानू नका. पण तो होण्याआधीच नाथ-गिरिजाबाईंनी जे करायचं ते करून टाकलं होतं, हे विसरू नका. अन्न वाढताना पितर येणार आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

वाढणं आणि जेवणं

इथे एक बारीक प्रश्न विचारू का? दुसऱ्याला वाढणं आणि दुसऱ्याच्या घरी जेवणं, यांत जास्त अवघड काय?

वाढणारा वरच्या पायरीवर असतो. तो देतो, समोरचा घेतो. दान करून माणूस मोठाही होतो. पण ज्याला समाजाने खालचा ठरवलंय, त्याच्या घरी जाऊन त्याच्या चुलीवरचं खायचं, म्हणजे आपण आणि तो एकाच पायरीवर आहोत, हे सगळ्या गावादेखत कबूल करायचं.

नाथांनी तेही केलं, असं चरित्रकार सांगतात. परंपरेत ज्याचं नाव राण्या असं येतं, तो अस्पृश्य मानलेला भक्त आणि त्याची बायको नाथांचं निरूपण लांबून, पण मन लावून ऐकत. त्यांना एकदा वाटलं, की नाथांनी आपल्या घरी जेवायला यावं. त्यांनी विचारलं आणि नाथ हो म्हणाले. गावाने पाळत ठेवली. या कथेलाही पुढे चमत्काराची जोड आहे. लोकांना नाथ त्या घरी जेवताना दिसले आणि त्याच वेळी स्वतःच्या वाड्यातही दिसले, म्हणून देवानेच नाथांचं रूप घेतलं होतं, असं म्हणतात. मला विचाराल तर या कथेतली सर्वांत धीट माणसं आहेत ते नवरा-बायको. एवढ्या मोठ्या माणसाला आमच्याकडे जेवायला या असं म्हणायला त्यांची छाती झाली. का झाली? तर या दारातून नकार येणार नाही, असा भरवसा त्यांना नाथांच्या वागण्यातून आला होता.

हरिपंडित आणि उष्टी पत्रावळ

गावाशी भांडणं एक वेळ परवडतं. घरातच विरोध झाला तर? नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांच्या दोन गोष्टी त्याला मान्य नव्हत्या. एक, ते प्राकृतात म्हणजे मराठीत पुराण सांगतात. दोन, ते कुणाच्याही घरी अन्न घेतात. रागावून तो काशीला निघून गेला. नाथांनी त्याला परत आणलं, तेव्हा त्याने अट घातली : मराठीतून सांगणं बंद आणि परान्न बंद. नाथांनी ऐकलं. पण मग पुराणाला माणसं येईनाशी झाली. पंडिताची संस्कृत कथा ऐकणार कोण?

त्याच सुमारास एक गरीब बाई नाथांकडे आली. हजार ब्राह्मणांना जेवू घालण्याचा संकल्प तिने बरे दिवस असताना सोडला होता, आता हाती काही उरलं नव्हतं. नाथांसारखा एक जण जेवला तर हजार जेवल्याचं पुण्य, असं तिला कुणी सांगितलेलं. अट मोडायची की बाईला परत पाठवायचं? शेवटी नाथ तिच्याकडे जेवायला गेले. जेवण झाल्यावर त्यांनी हरिपंडिताला आपली उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. त्याने एक उचलली, तर खाली दुसरी. ती उचलली, तर तिसरी. अशा हजार पत्रावळी झाल्या, असं कथा सांगते. हरिपंडिताचा ताठा गेला आणि मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

हजार पत्रावळींची कथा आपण बाजूला ठेवू. मला त्यातली पहिलीच पत्रावळ महत्त्वाची वाटते. पंगतीत वाढायला सगळे पुढे येतात, उष्टं काढायला कोण येतं? विद्वान मुलाला नाथांनी वादात हरवलं नाही. त्याला वाकायला लावलं, एवढंच.

भाषेचीही पंगत

आता नाथांच्या ग्रंथांकडे बघा. ‘एकनाथी भागवत’ 1573 मध्ये काशीत पूर्ण झालं. संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं म्हणून तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला. 1584 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, मध्ये घुसलेले चुकीचे पाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. एका पैची चूक शोधणारा मुलगा आठवला ना? हे त्याचंच काम. शिवाय ‘रुक्मिणी स्वयंवर’, अभंग, गौळणी आणि भारुडं. भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, घरातली सून-सासू येते. शास्त्रातलं अवघड तत्त्व त्यांनी बाजारात आणि ओसरीवर कळेल अशा बोलीत सांगितलं.

पंगतीतही तेच आणि ग्रंथांतही तेच. जे मोजक्या लोकांसाठी राखून ठेवलेलं होतं, ते नाथांनी सगळ्यांच्या पानात वाढलं.

नाथषष्ठी

1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. हाच दिवस नाथषष्ठी म्हणून पाळला जातो आणि पैठणला मोठी यात्रा भरते. प्रत्यक्ष देव श्रीखंड्या नावाने बारा वर्षं नाथांच्या घरी राबला आणि कावडीने पाणी आणून रांजण भरत राहिला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तो रांजण आजही पैठणला दाखवतात आणि यात्रेच्या दिवसांत तो भरण्याची प्रथा आहे. गंमत बघा, देव घरात आला तो सिंहासनावर बसायला नाही, स्वयंपाकाचं पाणी भरायला!

नाथांची ही गोष्ट पुढेही लोकांना टोचत राहिली. 1935 मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी नाथांच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यात नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. ‘महात्मा’ हे मूळ नाव बदलून तो ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला.

तुमच्यासाठी

मित्रांनो, आता मधल्या सुट्टीची घंटा होईल. तुम्ही डबे उघडाल. गोल करून बसाल. कुणाच्या डब्यात पराठा असेल, कुणाच्या डब्यात शिळी भाकरी आणि चटणी. एखादं मूल डब्याचं झाकण आडवं धरून खात असेल, एखादं खिचडीचं ताट घेऊन कोपऱ्यात बसलं असेल. त्याला आपल्यातला घास देणं चांगलंच. पण नाथांच्या चरित्राने एक पायरी पुढची सांगितली आहे. त्याच्या डब्यातला घास मागून घ्या. आणि जेवण झालं की खाली सांडलेली शितं स्वतः उचला. घरी गेल्यावर, आज स्वयंपाक कुणी केला आणि ते शेवटी किती वाजता जेवले, हेही विचारा.

स्वाध्याय

1. श्राद्धाच्या कथेतून चमत्काराचा भाग वगळून ती आठ-दहा ओळींत लिहा.
2. दुसऱ्याला जेवू घालणं आणि दुसऱ्याच्या घरी जेवणं, यांत तुम्हाला काय फरक वाटतो?
3. गिरिजाबाईंच्या जागी तुम्ही आहात अशी कल्पना करून श्राद्धाच्या दिवसाचं वर्णन करा.
4. तुमच्या घरी किंवा गावात सगळे एकत्र जेवतात असा प्रसंग कोणता? त्यात कोण रांधतं, कोण वाढतं, शेवटी कोण जेवतं आणि भांडी कोण घासतं, याची नोंद करा.